नवा क्रमांक

बाहेरून कुणी पाहुणा आला की बाई त्याला आधी घड्याळं दाखवायच्या. यंत्रशाळेत आठ संगणक होते, कपाटाएवढे उंच, चार-चारच्या दोन रांगांत. प्रत्येकाच्या पुढ्यात एक छोटा पडदा, आणि प्रत्येक पडद्यावर वेगळी वेळ. पहिल्याचे अकरा वाजून चार मिनिटं, तिसऱ्याचे अकरा वाजून सहा, आठवा तर अजून पावणेअकरातच लोळत पडलेला. पाहुणा हमखास विचारायचा, ही घड्याळं जुळवून का नाही घेत? बाईंना नेमका हाच प्रश्न हवा असायचा. गरजच पडत नाही, असं त्या म्हणायच्या, आणि पुढचा अर्धा तास पाहुण्याची सुटका नसायची.

गरज पडू नये यासाठी बाई अकरा वर्षं खपल्या होत्या. दुसरीकडचे मोठे संगणक म्हणजे एका ताटात जेवणारी भावंडं. प्रोसेसर खंडीभर, पण मेमरी सगळ्यांत मिळून एक. एकाला ठसका लागला की अख्खं ताट सांडायचं. बाईंच्या यंत्रांनी चुली वेगळ्या मांडल्या होत्या. ज्याची त्याची मेमरी वेगळी, डिस्क वेगळी, घड्याळही वेगळं. मध्ये फक्त बोटभर जाडीची केबल आणि तिच्यावरून एकमेकांना धाडलेले निरोप. थोरला कुणी नाही, धाकटा कुणी नाही, जे ठरायचं ते बहुमताने. अशा आठांना गुण्यागोविंदाने नांदवणारी ऑपरेटिंग सिस्टीम बाईंनी पहिल्या ओळीपासून स्वतः आखली होती. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो झाकून ठेवावा असं त्यांना कधी वाटलं नाही. छप्पन्नाव्या वर्षी एवढं करून दाखवल्यावर वर लाजायचं कशाला?

जागा म्हणजे एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या गोदामाचा दुसरा मजला. खिडक्या उंचावर, भिंतींना चुना, पोकळ फरशी आणि फरशीखाली केबलींचं जाळं. थंड हवेच्या झोतातही तापलेल्या धुळीचा वास यायचा. यंत्रं आठ, तशी माणसंही आठच. त्यांत सगळ्यांत तरुण मुलगी नोंदी ठेवायची, तिला सगळे धाकटी म्हणत. फरशीखालचा पसारा ज्यांनी घातला ते तारवाले दादा. आणि तिसरा विघ्नोबा.

विघ्नोबाचं पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण ते कागदोपत्री. त्याचं कामच विघ्नं आणायचं. सगळं सुरळीत चालू असताना हा मांजराच्या पावलांनी जाई आणि एखाद्या यंत्राची केबल उपटी, वीज तोडी, डिस्क काढून खिशात घाली. मग बाकीची यंत्रं कशी सावरतात ते बघत बसे. लोक त्याला विघ्नसंतोषी म्हणू लागले, त्याचं लाडाने विघ्नोबा झालं. बाईंनी उभं केलेलं पाडायला जायचं आणि ते पडत नाही हे बघून बाईंच्याही आधी खूश व्हायचं, असा हा माणूस. अकरा वर्षांपूर्वी पहिलं यंत्र लिफ्टमध्ये मावेना, तेव्हा त्यानेच पुढची बाजू धरून ते दोन जिने वर चढवलं होतं. त्यात त्याचा अंगठा चेंगरला. नख काळं पडून गळलं आणि नवं आलं ते वाकडंच. बाई त्याला अरेतुरे करत आणि पाठच्या भावावर रागवावं तशा त्याच्यावर रागवत.

आता या सगळ्या कारभाराच्या मुळाशी असलेला बाईंचा नियम सांगायला हवा. एका यंत्राने दुसऱ्याला निरोप धाडला आणि उत्तर आलं नाही, तर समजायचं काय? समोरचा मेला, का मधली तार तुटली, का तो नुसताच रेंगाळलाय? इथे बसून तिन्ही गोष्टी अगदी सारख्या दिसतात. या प्रश्नापुढे मोठमोठ्यांनी हात टेकले होते. बाईंनी एक घाव दोन तुकडे केले. तीनदा हाक मारायची. उत्तर नाही आलं तर बहुमताने ठरवायचं, की गेला. मग त्याचं काम लगेच बाकीच्यांत वाटून टाकायचं. आणि तो जिवंतच होता, नुसता वाट चुकला होता, असं मागाहून निघालं तर? तरीही जुन्या क्रमांकावर त्याला घ्यायचं नाही. यायचं तर नवा क्रमांक घेऊन, नवखा म्हणून यावं. नाहीतर एका पंपाला दोन धनी व्हायचे, एक म्हणणार पाणी सोड, दुसरा म्हणणार अडव, आणि नळ फुटायचे शहराचे. कारण शहराचे बावीस पंप या यंत्रांच्या हवाली व्हायचे होते. पुढच्या आठवड्यात गुरुवारी पाणीखात्याची समिती तपासणीला येणार होती. तिने होकार दिला की अकरा वर्षांचं चीज होणार होतं.

समितीसाठी म्हणून बाईंनी आणखी दोन कलमं घातली होती. पहिलं वारशाचं. गेलेल्याचं राहिलेलं कामच नव्हे, तर त्याने आजवर केलेलं कामही बाकीच्यांच्या नावावर चढवायचं. पूर्वी जुन्या कामाबद्दल काही विचारायचं झालं की यंत्रं गेलेल्यालाच हाका मारत बसायची. आता मेलेल्याला प्रश्न विचारायची वेळच येणार नव्हती. दुसरं कलम माणसांचं. पंपावर बसणारा माणूसही घेरी येऊन पडू शकतो, म्हणून माणसांनाही क्रमांक दिले, एक्कावन्न ते अठ्ठावन्न. दर तासाला टेबलावरचा पिवळा दिवा लागला की 'आहे' असं लिहिलेलं बटण दाबायचं. तीनदा चुकलं की माणूस गेला, काम वाटलं. याची कचेरीत भरपूर थट्टा झाली. घरीही झाली. बाईंचे यजमान भूगोलाचे निवृत्त मास्तर. बाईंनी जेवायला दोनदा हाक मारली तरी ते मुद्दाम गप्प बसत आणि तिसरीला पेपराआडून म्हणत, "आहे."

सोमवारी सकाळी विघ्नोबाने पाच नंबरची केबल उपटली. बाकीच्या सातांनी तीनदा हाक मारली, मत घेतलं, पाचाचं काम वाटून घेतलं. धाकटी मोजत होती. चार सेकंद लागले आणि एकही निरोप हरवला नाही. विघ्नोबाने केबल परत लावली, तसं ते यंत्र सुतासारखं सरळ येऊन नवा नंबर घेऊन रांगेत उभं राहिलं. नऊ. बाईंनी सगळ्यांना चहा पाजला.

चहा पिताना विघ्नोबा म्हणाला, यंत्राची केबल ओढून झाली, आता माणसाची कोण ओढणार? समितीने विचारलं तर काय सांगाल? मग तो स्वतःच आपल्या खुर्चीत पाय पसरून बसला. हातात सफरचंद. पिवळा दिवा तासातासाने तीनदा लागून विझला, त्याने बटणाला बोट लावलं नाही. तिसऱ्या खेपेला सगळी माणसं त्याच्याभोवती जमली होती. दिवा विझला आणि सगळ्यांच्या पडद्यांवर एकच ओळ आली. 'चोपन्न नाही. काम वाटलं.'

त्याच्या कामाचे सात वाटे झाले होते. ज्याला जे झेपेल ते, बाईंनी स्वतः बसून वाटलं असतं तर वाटलं असतं तसंच. धाकटीने टाळ्या वाजवल्या. विघ्नोबा उठला आणि नाटकातल्यासारखा कमरेत वाकला.

"मेलो, आणि कुणाचं काही अडलं नाही," तो म्हणाला. "बाई, जिंकलात."

बाईंनी आपल्या हाताने त्याला नवा क्रमांक दिला. एकोणसाठ. त्या संध्याकाळी त्या बसने न जाता चालत घरी गेल्या आणि वाटेत दोनदा आपल्याशीच हसल्या.

बुधवारी धाकटी समितीला द्यायची यादी घेऊन बाईंच्या खोलीत आली. तिला एक शंका होती. सुरुवातीला नंबर देताना आपण चारानंतर एकदम सहा का घेतला?

बाईंना आधी ती थट्टा वाटली. अगं परवाच पाचाची केबल ओढली, तूच तर सेकंद मोजलेस, असं त्या म्हणाल्या. धाकटीने आठवून पाहिलं. चार सेकंद तिला आठवत होते. कुणाचे, ते आठवत नव्हतं. तिचा चेहरा उतरला. असेल, एवढंच म्हणून ती यादी घेऊन निघून गेली.

बाईंनी जुन्या नोंदी काढल्या. पाच नंबरने अकरा वर्षांत लाखो निरोप धाडले असतील, त्यांतला एकही आता त्याच्या नावावर नव्हता. सगळे सातांच्या नावांवर गेलेले. बाईंना धक्का बसला नाही. उलट बरंच वाटलं, वारशाचं कलम इतक्या आतवर पोचलं होतं म्हणून. मग त्यांना कपाटातल्या खोक्याची आठवण झाली. पहिल्या वर्षाच्या नोंदी त्यांनी हौसेने कागदावर छापून ठेवल्या होत्या. घड्याघड्यांचा लांबलचक कागद, दोन्ही कडांना भोकं, कडा पिवळ्या पडलेल्या. बाईंनी ओळींवरून बोट फिरवत नेलं. चार. सहा. सात. चार. सहा. पाच कुठेच नव्हता. त्याच्या जागी खाडाखोड नव्हती की कोरी ओळही नव्हती.

हा कागद मागाहून कुणीतरी पुन्हा छापला असणार, असं बाईंनी ठरवलं. कुणी, ते त्यांनी कुणाला विचारलं नाही.

बाहेर यंत्रशाळेत विघ्नोबा त्या यंत्रापुढे उकिडवा बसला होता. यंत्राच्या दारावर पांढऱ्या रंगात नऊचा आकडा होता. रंग चांगला जुना, एका कोपऱ्यात टवका उडालेला. तो कुणी काढला हे कुणालाच सांगता येईना. विघ्नोबाने खिशातली किल्ली काढून रंग खरवडला. खाली नुसता करडा पत्रा निघाला.

"बाई, याच्या खाली पाच नाही," तो म्हणाला.

बाईंच्या डोळ्यांपुढे सोमवारची दुपार येऊन गेली. त्यांनी ती झटकून टाकली. माणूस म्हणजे काही यंत्र नव्हे, एवढं कळण्याइतक्या त्या शहाण्या होत्या.

गुरुवारी दारावरच्या काकांनी विघ्नोबाला अडवलं आणि कुणाला भेटायचंय असं विचारलं. विघ्नोबाने हसून त्यांच्या पाठीवर थाप मारली. काकांनी ती मारून घेतली, पण वहीत नाव लिहायला लावलं. शुक्रवारी धाकटी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि यंत्रं एकमेकांना निरोप कसे धाडतात ते त्याला समजावू लागली, अगदी मायेने, नवख्याला सांगावं तसं. त्याने निमूट ऐकून घेतलं. सोमवारी जेवणाच्या टेबलाशी तो ताट घेऊन उभा राहिला तेव्हा तारवाले दादा सरकून म्हणाले, "बसा ना. संकोच करू नका." अकरा वर्षं ते त्याला टोणग्या म्हणत आले होते.

बाईंनी हे सगळं पाहिलं आणि ही याचीच थट्टा सगळे मिळून त्याच्यावर उलटवतायत, असं स्वतःला समजावलं. विघ्नोबा कुणाला सोडायचा नाही, मग लोक त्याला कसे सोडतील? पण मंगळवारी सकाळी तो त्यांच्या खोलीत आला, दार लोटून घेतलं आणि विचारलं, "मी कोण ते तुम्हाला माहीत आहे ना?"

"काहीतरीच काय."

"सांगा तरी."

बाईंनी सांगितलं. त्याचं खरं नाव सांगितलं, दोन जिने सांगितले, अंगठा सांगितला. त्याच्या दोन मुली पोहायला जातात, थोरलीला खोल पाण्याची भीती वाटते, तेही सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत राहिला. मग म्हणाला की काल संध्याकाळी घरी गेला, बायकोने दार उघडलं, आत घेतलं. पण आधी थोडी थांबली.

"मी कोण ते आठवेपर्यंत थांबली, बाई," तो म्हणाला. "मला माझा जुना क्रमांक परत द्या."

ते नियमात बसत नव्हतं. नियम तुमचाच आहे, असं तो म्हणाला, आणि म्हणूनच बसत नाही, असं बाई म्हणाल्या. खरं तर मनात असतं तरी त्यांना ते करता आलं नसतं. गेलेला क्रमांक कुणालाही, अगदी बाईंनाही, पुन्हा उघडता येऊ नये अशीच त्यांनी ती गाठ मारली होती. तिच्यावर त्यांनी एक अख्खा उन्हाळा घालवला होता. ती सोडवायचा एकच मार्ग उरत होता. आठही यंत्रं एकदम बंद करायची, कुणाच्याच पोटात काही आठवण उरू द्यायची नाही, आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायची. सगळं परत उभं राहायला सहा दिवस लागले असते, आणि समिती परवा येणार होती.

त्याने तेच मागितलं.

खोटं कशाला सांगा, त्यांना त्याची दया आली, स्वतःची लाजही वाटली. पण समिती परत गेली तर दोन वर्षं फिरकायची नाही हेही त्यांना माहीत होतं, आणि अभिमान या दोन्हींपेक्षा थोरला निघाला.

"गुरुवार होऊ दे," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी आल्या आल्या मी माझ्या हाताने आठही बंद करते. शब्द देते तुला."

"शुक्रवारी तुम्हाला आठवेल का, कुणाला दिला ते?"

बाई चिडल्या. अकरा वर्षं ओळखते मी तुला, असं म्हणून त्यांनी डायरी ओढली आणि त्याच्या देखत शुक्रवारच्या पानावर लिहिलं: सकाळी आठही यंत्रं बंद. विघ्नोबाला जुना क्रमांक परत द्यायचा. त्याने ते दोनदा वाचलं. मान हलवली आणि उठून कामाला गेला. कामात त्याने शेवटपर्यंत कसूर केली नाही.

बुधवारी बाई लवकर घरी गेल्या. जेवताना यजमान म्हणाले, उद्या सगळं नीट पार पडलं की त्या विघ्नोबाला जेवायला बोलाव, फार दिवसांत आला नाही.

"कोणाला?" बाई म्हणाल्या.

यजमान खोखो हसले. आपलीच थट्टा बायकोने आपल्यावर उलटवली असं त्यांना वाटलं. बाई थट्टा करत नव्हत्या. घास हातात धरून त्या शोधत होत्या. आधी त्यांना एक वाकडं नख दिसलं. मग अंगठा, मग हात. मग बऱ्याच वेळाने चेहरा.

त्या तशाच उठल्या, दारापर्यंत गेल्या, एका पायात चप्पलही सरकवली. आत्ता जावं आणि आठांच्याही केबली ओढून टाकाव्यात.

मग वाटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. आणि डायरीत लिहिलेलं आहे.

त्या परत येऊन पाटल्या मागे सारत ताटावर बसल्या. काय झालं, असं यजमानांनी विचारलं. काही नाही, असं म्हणून त्यांनी उरलेलं जेवण संपवलं.

गुरुवारी दहाला समिती आली. पाच जण. पुढे पाणीखात्याचे मुख्य अभियंता, चष्मा नाकाच्या टोकावर. बाईंनी त्यांना आधी घड्याळं दाखवली.

अभियंत्यांनी हवं ते यंत्र पाडून बघावं, असं बाईंनीच सुचवलं. त्यांनी एकदम दोन निवडली आणि स्वतःच्या हाताने केबली ओढल्या. नमुन्याच्या पंपांचे दाबाचे काटे भिंतीवर ओळीने लावलेले होते. एकही काटा थरथरला नाही. सहा सेकंदांत पडद्यांवर काम वाटल्याच्या ओळी आल्या आणि यंत्रशाळा पहिल्यासारखी घुमत राहिली.

अभियंत्यांनी चष्मा काढला. तीस वर्षं या खात्यात आहे, असं काही पाहिलं नव्हतं, असं ते म्हणाले.

बाईंचे डोळे भरून आले. मग त्यांना बोलायचा हुरूप आला. पहिलं यंत्र लिफ्टमध्ये मावेना तेव्हा तारवाल्या दादांनी पुढची बाजू धरून दोन जिने कसं चढवलं, त्यात त्यांचा अंगठा कसा चेंगरला, ते त्यांनी रंगवून सांगितलं. दादा लाजले. आठवणीने त्यांनी अंगठा चोळलाही. नख सरळ होतं, गुलाबी.

"सात माणसांनी अकरा वर्षांत उभं केलंय हे," बाई म्हणाल्या. समितीने टाळ्या वाजवल्या.

शेवटच्या यंत्राशी एक माणूस एकटाच उभा होता. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. अभियंत्यांनी तिकडे पाहिलं, तसा त्याने उजवा हात खिशात घातला.

"नवीन आहेत ते," धाकटी हळूच म्हणाली.

शुक्रवारी बाईंनी डायरी उघडली. पानावर त्यांच्याच अक्षरात दोन ओळी होत्या. सकाळी आठही यंत्रं बंद. जुना क्रमांक परत द्यायचा. बाईंनी त्या वाचल्या आणि त्यांना हसू आलं. कालपर्यंतच्या धावपळीत काय वाटेल ते लिहिलं असणार. जुना क्रमांक परत देत नाहीत. हे दुसऱ्या कुणी नाही, त्यांनीच जगाला शिकवलं होतं. त्यांनी पट्टी घेतली आणि दोन्ही ओळींवर सरळ रेघ मारली.

तीन आठवड्यांत शहराचे बावीस पंप बाईंच्या यंत्रांवर आले. खात्याने पत्र धाडलं, ते चौकटीत लावून दारापाशी टांगलं गेलं. नवा माणूसही कामाचा निघाला. बेचाळिशीचा असेल, बोलायचा कमी. एकदा सांगितलं की त्याला पुरे, कधीकधी तर तो सांगायच्या आधीच करून मोकळा व्हायचा. आपल्या हाताखाली माणसं लवकर तयार होतात याचाही बाईंना अभिमान होता.

एका दुपारी बाईंना फोन आला. कुणी अनोळखी बाई होती, बोलणं आर्जवी. तक्रार नाही, असं तिने आधीच सांगितलं. तुमच्या कचेरीतला एक माणूस रोज संध्याकाळी सहाला आमच्या दाराशी येतो. आमच्या फाटकाची कडी आधी वर उचलून मग ओढावी लागते, ते त्याला कसं कळलं कोण जाणे. येतो, पायरीवर बसतो. परवा लहान मुलीच्या सायकलची साखळी पडली होती, ती त्याने बसवून दिली. अंधार पडायला लागला की जातो. कुठे जातो, कुणास ठाऊक. त्याची राहायची काही सोय होईल का?

बाईंना तिचं कौतुक वाटलं. खालच्या मजल्यावर मागची खोली रिकामी होती, तिथे आजच खाट टाकायला सांगते, असं त्या म्हणाल्या.

"माणूस चांगला आहे," त्या म्हणाल्या. "नवीन आहे. रुळेल."

"तसा त्रास काही नाही हो," ती म्हणाली. "मुलींना पोहायला वगैरे माझे दीर नेतात."

"दीर?"

"हो. म्हणजे यांचे धाकटे भाऊ."

मग ती थांबली. बाईही थांबल्या. आता पुढे काहीतरी विचारायचं असतं, असं त्यांना वाटलं, पण काय ते जिभेवर येईना. पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता. तीही काहीतरी आठवत असावी.

"तुमच्या पाण्याचं मात्र कौतुक केलं पाहिजे," ती एकदम मोकळ्या आवाजात म्हणाली. "हल्ली वरच्या मजल्यावरसुद्धा काय जोर असतो नळाला."

बाईंना ते ऐकून फार बरं वाटलं.